मेकअपआधी पापणी पाहा

प्री-वेडिंग शूटचे नवल आता हिंगोलीसारख्या जिल्ह्याच्या गावातही उरलेले नाही. कॅमेरा तिथून पुढे सरकून गरोदरपणापर्यंत आला आहे. सातवा-आठवा महिना लागला की पायघोळ गाऊन भाड्याने आणायचा, नाही तर नऊवारी नेसून फुलांचे दागिने घालायचे, पोटावर हात ठेवून मावळतीच्या उजेडात उभे राहायचे. मागे सिद्धेश्वर धरणाचे पाणी असो, हळदीचे हिरवे वावर असो की स्टुडिओतला थर्माकोलचा चंद्र. यावर घराघरांत दोन मते ऐकू येतात. हौसेला मोल नाही, हे एक. ही सगळी थेरं आहेत, हे दुसरे. दोन्ही मते फोटो काढावा की काढू नये यावरच अडून बसतात. मला बोलायचे आहे ते फोटोच्या तयारीबद्दल. ही तयारी ज्या आठवड्यांत होते ते आठवडे गरोदर बाईच्या प्रकृतीसाठी मोलाचे असतात, आणि तयारीच्या यादीत मात्र कपडे, मेकअप, जागा, पोझ, रील असे सगळे असते. रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तेवढे नसते. ही यादी खालून वर वाचायला हवी. तपासणी झाल्याशिवाय शूटची तारीख ठरवू नये, इतके साधे माझे म्हणणे आहे.

आधी ‘हे आपले नव्हे’ या आक्षेपाचे पाहू, कारण तो सर्वांत मोठ्याने घेतला जातो. ऑगस्ट 1991 मध्ये ‘व्हॅनिटी फेअर’ या अमेरिकी मासिकाच्या मुखपृष्ठावर डेमी मूर या अभिनेत्रीचे गरोदरपणातले छायाचित्र आले. ॲनी लीबोविट्झ यांनी ते टिपले होते. तिकडेही तेव्हा गदारोळ झाला, काही दुकानांनी तो अंक कागदात गुंडाळून विकला, आणि पुढे त्याच धर्तीच्या फोटोंची लाट जगभर गेली. गाऊन आणि ठरावीक पोझ त्या लाटेबरोबर आपल्याकडे आल्या, हे खरे. पण गरोदर बाईला सजवून, मधोमध बसवून, तिच्या पोटातल्या जिवाचे कौतुक चारचौघांत करण्याची हौस काही तिकडून आलेली नाही. पाचव्या महिन्यातली चोरचोळी, सातव्यातले डोहाळजेवण, फुलांची वाडी, मुकुट, बाजूबंद, हातात धनुष्यबाण, बसायला झोपाळा. कधी नावेतले डोहाळजेवण, कधी बागेतले, कधी चांदण्यातले. आज स्टुडिओवाला जो चंद्र आणि जी नाव भाड्याने देतो, ती मांडणी आपल्या आज्या-पणज्यांच्या ओळखीची होती. बदलले ते प्रेक्षक. पूर्वी आळीतल्या बायका पाहत, आता मोबाइलमधले सगळे पाहतात. हा बदल लहान नाही आणि त्याकडे पुढे येईनच. परंतु परकेपणाच्या मुद्द्यावर या हौसेला मोडीत काढता येत नाही.

आता वेळेचा मुद्दा. फोटोग्राफर मंडळी अशा शूटसाठी साधारण 28 ते 34 वा आठवडा सुचवतात. त्यामागे हिशोब आहे: पोटाला गोलाई आलेली असते, पण बाईला उठता-बसता येते, चालता येते, झोपेचे अजून पार खोबरे झालेले नसते. सरकारी आरोग्य सेवेच्या वेळापत्रकात गरोदरपणातल्या किमान चार तपासण्या सांगितल्या आहेत. पहिली बाराव्या आठवड्याच्या आत, दुसरी 14 ते 26 व्या आठवड्यांत, तिसरी 28 ते 34 व्या आठवड्यांत आणि चौथी 36 व्या आठवड्यानंतर. तिसऱ्या तपासणीचा आणि फोटोचा काळ तंतोतंत जुळतो. हा योगायोग मला फार उपयोगाचा वाटतो. या टप्प्यावर शरीरातल्या रक्ताचे आकारमान जवळपास शिगेला पोहोचलेले असते आणि लोह कमी पडत असेल तर हिमोग्लोबिनची घसरण उघड होते. विसाव्या आठवड्यानंतर केव्हाही डोके वर काढू शकणारा रक्तदाबाचा विकारही बऱ्याचदा याच सुमारास दिसू लागतो. म्हणजे याच काही आठवड्यांत एकाच बाईकडे दोन माणसे निरखून पाहणार असतात, एक कॅमेऱ्यामागची आणि दुसरी उपकेंद्रातली नर्सबाई. दोघांना काय दिसते आणि दोघे त्याचे काय करतात, ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे.

नर्सबाई खालची पापणी अंगठ्याने ओढून आतला रंग पाहते. तो लालसर असायला हवा. फिकट गुलाबी किंवा पांढुरका असेल तर तिला शंका येते. मग जीभ, मग नखे. त्यानंतर दंडाला पट्टा बांधून रक्तदाब, लघवीत प्रथिने आहेत का ते, वजन, पोटाची उंची आणि बाळाचे ठोके. पायाला सूज आहे का, हे ती नडगीवर बोट दाबून बघते आणि खळगा किती वेळ राहतो ते पाहते. पायाची थोडी सूज गरोदरपणात बहुतेकींना येते. पण चेहरा आणि हात एकाएकी सुजणे, अंगठी बोटातून न निघणे, डोके सतत दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही लक्षणे रक्तदाब 140/90 च्या वर गेल्याची असू शकतात, आणि त्यातून झटके येण्यापर्यंत मजल जाऊ शकते. आता मेकअपच्या खुर्चीकडे या. फिकेपणा दिसला की त्यावर फाउंडेशन चढते, गालांवर लाली येते, ओठ रंगतात, नखांना पॉलिश लागते. चेहरा सुजलेला दिसला तर संगणकावर बारीक केला जातो. अंगठी बसत नसेल तर दुसरी, सैल अंगठी दिली जाते. दवाखान्यात जे दिसले म्हणून पुढची धावपळ सुरू व्हायला हवी, तेच इथे कुशल हातांनी पुसले जाते. यात मेकअप करणारीचा दोष नाही, तिचे कामच ते आहे. दोष क्रमाचा आहे. तपासणी आधी झाली असती तर तिने लावलेली लाली निव्वळ शोभेची राहिली असती.

‘उगीच भीती घालता, आमची सून ठणठणीत आहे,’ असे कुणी म्हणेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या गरोदर बायकांपैकी जवळपास 46 टक्के जणींच्या रक्तात हिमोग्लोबिन 11 ग्रॅमपेक्षा कमी आढळले. देशाचा आकडा 52 टक्क्यांवर आहे, तेव्हा त्यापुढे आपण बरे, एवढेच समाधान. दर दोघींमागे जवळजवळ एक, असे हे प्रमाण आहे आणि त्यात खात्यापित्या घरांतल्या सुनाही आल्या. किमान चार तपासण्या झालेल्या मातांचे राज्यातले प्रमाण त्याच सर्वेक्षणात सुमारे 70 टक्के होते. दहातल्या तिघींचे पुरते वेळापत्रक पाळलेच गेले नाही. आणि ठणठणीत दिसणे हा पुरावा नव्हे. हिमोग्लोबिन हळूहळू उतरत गेले तर शरीर त्याला सरावते, दम लागणे आणि थकवा ‘या दिवसांत व्हायचेच’ म्हणून सोडून दिला जातो. वाढलेला रक्तदाब तर बऱ्याचदा काहीच जाणवू देत नाही. महाराष्ट्राची कामगिरी एरवी चांगली आहे, हे नोंदवले पाहिजे. नमुना नोंदणी पाहणीनुसार 2018-20 मध्ये देशात दर लाख जिवंत जन्मांमागे 97 मातांचे मृत्यू होत असताना राज्यात ते 33 होते. हे यश वेळेवर झालेल्या तपासण्यांचे आणि दवाखान्यातल्या बाळंतपणांचे आहे. पण हिंगोलीचा नकाशाही लक्षात ठेवावा. गुंतागुंत झाली की ‘नांदेडला न्या’ हे वाक्य इथल्या घरांना नवे नाही. सेनगावच्या टोकाच्या गावातून विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत रात्री-अपरात्री गाडी पळवावी लागण्यापेक्षा सातव्या महिन्यात पापणी ओढून पाहिलेली केव्हाही बरी.

दुसरा आक्षेप असा, की दोन तासांच्या फोटोंनी असे काय बिघडणार? सगळे नीट झाले तर काहीच नाही. पण ‘दोन तास’ हा हिशोब फोटोग्राफरचा आहे. बाईचा दिवस सकाळी केसांपासून सुरू होतो. पोट फुगलेले दिसू नये या कल्पनेने, आणि खरे तर ही कल्पनाच अजब आहे, ती धड जेवत नाही. धरणाच्या काठावर किंवा वावरात बाथरूम नसते म्हणून पाणीही पीत नाही. हा मुद्दा यादीत कुठेच नसतो आणि माझ्या मते तो पहिल्या तिनांत हवा. लघवी तुंबवणे आणि पाणी तोडणे यांतून मूत्रमार्गाचा संसर्ग बळावतो, आणि गरोदरपणात असा संसर्ग वेळेआधी कळा सुरू व्हायला निमित्त ठरू शकतो. त्यात आपला उन्हाळा. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि ‘सोनेरी उजेड’ मिळावा म्हणून साडेपाचला उघड्यावर उभे केले तरी जमीन तापलेलीच असते. पाठीवर उताणे झोपवून वरून घेतलेला फोटो सध्या फार चालतो. या महिन्यांत उताणे झोपले की गर्भाशयाचा भार हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेवर पडतो आणि चक्कर येऊ शकते. डॉक्टर कुशीवर झोपायला सांगतात ते त्यासाठीच. रंगीत धुराच्या नळकांड्या, उंच टाचा, ओल्या दगडांवर उभे राहणे यांबद्दल वेगळे लिहायला नको. काळ्या मेंदीबद्दल मात्र लिहायला हवे, कारण ती नैसर्गिक समजली जाते; तिच्यात बऱ्याचदा केसांच्या कलपातले रसायन मिसळलेले असते आणि अंगावर फोड येतात. चांगले फोटोग्राफर यातले बरेच जाणतात, खुर्ची सोबत ठेवतात, दर थोड्या वेळाने थांबतात. न जाणणाऱ्यांना विचारणारे कुणी नाही, कारण घरातल्यांचे सगळे लक्ष फोटो कसे येतील याकडे लागलेले असते.

खर्चाचा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. दसरा-दिवाळी झाली की ज्या जिल्ह्यातली कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात, जिथे सोयाबीनचा भाव पडला की दुकानांतली उधारी वाढते, तिथे हे चोचले शोभतात का? जिच्याकडे लोहाच्या गोळ्या वेळेवर पोहोचत नाहीत तिला गाऊनचे धडे काय द्यायचे? प्रश्न रास्त आहे. पण हौस उत्पन्नाचा दाखला पाहून येत नाही. मोबाइलने ती फुकट करून टाकली आहे. नणंद फोटो काढते, दीर त्यावर गाणे चढवतो. तालुक्याच्या गावात जे आज दिसते ते उद्या वाडीवस्तीवर दिसणार. तेव्हा नाक मुरडण्यापेक्षा ती हौस कामाला लावलेली बरी, आणि तसे करता येते याचा दाखला आपल्यासमोर आहे. 2018 मध्ये सुरू झालेल्या पोषण अभियानात अंगणवाड्यांमधून गोदभराईचा, म्हणजे आपल्या ओटीभरणाचा, कार्यक्रम मुद्दाम घेतला जातो. बाईची ओटी भरायची, आणि त्याच बैठकीत आहार, लोहाच्या गोळ्या, बाळंतपण कुठे करायचे याची बोलणी करायची. नुसत्या सल्ल्याला जी सासू येत नाही ती ओटी भरायला येते, हे सरकारी यंत्रणेने ओळखले. मग फोटोच्या निमित्ताने तेच का होऊ नये? प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत चौथ्या महिन्यापुढच्या गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. शूट 9 तारखेनंतरच्या आठवड्यात ठेवायचे, असा संकेत आशाताई, फोटोग्राफर आणि घरातली वडीलधारी माणसे मिळून सहज पाडू शकतात. आपण लग्नाच्या तारखा काढताना पंचांग, सभागृह, आचारी आणि बँडवाला यांचा मेळ घालतोच. त्या मानाने हे सोपे आहे.

नजर लागते, या कारणाने फोटोला विरोध करणाऱ्या आजीबाईंना मी हसणार नाही. सातव्या महिन्यात काही होऊ नये ही धास्ती त्यामागे आहे, आणि तपासण्या नव्हत्या त्या काळात ती अनुभवातून आलेली होती. फक्त त्या धास्तीवर काळ्या तिटेपेक्षा रक्तदाबाचे यंत्र जास्त खात्रीचे. उलट बाजूने तरुण मंडळी म्हणतील, ‘ही तिची निवड आहे, तुम्ही कोण नियम लावणारे?’ निवड तिची असेल तर प्रश्नच मिटला. पण ती खरोखर तिची आहे का, हे तयारीच्या तपशिलातच कळते. पोट उघडे ठेवायचे की झाकायचे, कुणी ठरवले? दमल्यावर ‘बास’ म्हणण्याचा अधिकार कुणाला होता? घरातल्या पाहुण्यांसमोर नको म्हणणे जमले का? याद्यांमध्ये आणखी एक प्रश्न कधी नसतो, तो वयाचा. हिंगोली 1 मे 1999 रोजी ज्या परभणीतून वेगळा झाला, त्या परभणी जिल्ह्यात 2019-21 च्या सर्वेक्षणानुसार 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 48 टक्के जणींचे लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेले होते. राज्याचा आकडा 22 टक्क्यांच्या आसपास. सतरा वर्षांच्या मुलीला गाऊन घालून पोटावर हात ठेवायला लावला आणि तो फोटो रील म्हणून फिरवला, तर त्याला तिची निवड म्हणणे धाडसाचे होईल. तिची तपासणी झालीच पाहिजे आणि जोखमीचे गरोदरपण म्हणून झाली पाहिजे. फोटो राहिला तरी चालेल.

निळ्या-गुलाबी पाट्यांबद्दल मात्र मला तडजोड मान्य नाही. ‘पेढा की बर्फी’चा खेळ डोहाळजेवणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, वाटी उघडायची आणि पेढा निघाला की टाळ्या. बर्फीला टाळ्या जरा कमी पडतात, हे त्या खोलीत बसलेल्या प्रत्येक लहान मुलीला कळते. शूटमध्ये हाच खेळ पाटी घेऊन येतो: मुलगा की मुलगी? परदेशी व्हिडिओंत फुगा फोडून लिंग जाहीर करतात, त्याची ही घरगुती नक्कल. गर्भलिंग निदानावर बंदी घालणारा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने 1988 मध्ये केला, केंद्राचा कायदा 1994 मध्ये आला, आणि तरीही राज्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली 2001 मध्ये 913 होत्या त्या 2011 मध्ये 894 झाल्या. शब्दाने, खुणेने किंवा कोणत्याही रीतीने गर्भाचे लिंग कळवायला कायद्याने मनाई आहे. 2024 मध्ये तामिळनाडूतल्या एका यूट्यूबरने परदेशात चाचणी करून घेऊन बाळाचे लिंग व्हिडिओत जाहीर केले, तेव्हा तिथल्या आरोग्य खात्याने त्याला नोटीस बजावली होती. नुसती अंदाजाची पाटी हातात धरणे हा गुन्हा नाही, मान्य. पण हा इतिहास असलेल्या राज्यात ती पाटी फोटोग्राफरने आपल्या सामानात ठेवूच नये.

राहिला फोटो काढल्यानंतरचा त्याचा प्रवास, म्हणजे ते बदललेले प्रेक्षक. अशा शूटचे फोटो बऱ्याचदा फोटोग्राफरच्या पेजवर जाहिरात म्हणून लागतात, कधी दुकानाच्या फ्लेक्सवरही. घरच्यांना ते नंतर कळते. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या 17 व्या कलमानुसार, मोबदला देऊन कुणी फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केलेला नसेल, तर त्या फोटोच्या कॉपीराइटचा पहिला मालक फोटो काढून घेणारा असतो, काढणारा नव्हे. हे बुकिंग करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून छापील पावतीवरच्या बारीक अक्षरांत ‘फोटो प्रसिद्धीसाठी वापरण्याचा हक्क स्टुडिओकडे’ असे काही असेल तर सही करण्याआधी ते खोडायला सांगावे. कायद्याच्या भाषेत काढून घेणारा म्हणजे बहुधा पैसे देणारा नवरा किंवा सासरा ठरतो, ही आणखी एक गंमत. त्यामुळे पावती तिच्या नावाने फाडलेली बरी. त्याच पावतीवर स्टुडिओने आणखी तीन ओळी छापाव्यात: कितवा आठवडा, शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली, रक्तदाब किती होता. स्टुडिओला त्यातले वैद्यकीय काही कळण्याची गरज नाही. माता-बाल संरक्षण कार्ड घरात असतेच, त्यावरून आकडे उतरवून घ्यायचे. ते रकाने कोरे राहिले तर बुकिंगची तारीख येत्या 9 तारखेनंतरची द्यायची.